निष्कर्ष फळ्यावर शेवटी यावा

नमस्कार. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकवणाऱ्या तुम्हा सर्वांपुढे आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. धड्याचा निष्कर्ष आपण तास सुरू होतानाच सांगून टाकतो. 'फ्रेंच राज्यक्रांतीने जगाला समतेचे तत्त्व दिले' हे वाक्य एकदा फळ्यावर आलं की मुलांना ते उतरवून घेऊन पाठ करण्यापलीकडे काम उरत नाही. पुरावा आधी हातात पडला, तर हेच वाक्य मुलं तपासतात, त्याला अटी घालतात आणि त्यातली उणीव दाखवतात.

हाच धडा घेऊ. एका पानावर तीन उतारे द्यायचे. पहिला, ऑगस्ट १७८९ च्या मानवी आणि नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यातला. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान आहेत, हे कलम १. कायदा घडवण्यात सर्व नागरिकांना स्वतः किंवा प्रतिनिधींमार्फत भाग घेता येईल, हे कलम ६. दुसरा उतारा त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेने ठरवलेल्या मतदानाच्या अटींचा: पुरुष असावा, वय किमान २५ असावं, किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरलेला असावा, घरगुती नोकर नसावा. तिसरा उतारा फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूज यांनी १७९१ मध्ये लिहिलेल्या स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा. त्यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आलं, ही माहिती मात्र तासाच्या उत्तरार्धापर्यंत राखून ठेवा. आधी दिली तर मुलांचं सगळं लक्ष त्या मृत्यूकडे जातं आणि मजकूर बाजूला राहतो.

प्रत्येक उतारा ४० ते ६० शब्दांचाच ठेवा. ओळींना क्रमांक द्या. अवघड शब्दांचे अर्थ समासात द्या, पण पाचापेक्षा जास्त शब्द अवघड निघाले तर उताराच बदला, कारण मग तास भाषेत अडकतो.

४० मिनिटांच्या तासात पहिली ५ मिनिटं फक्त कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी, कशासाठी या चार प्रश्नांना द्या. पुढची १० मिनिटं मुलं जोडीने वाचतील आणि पहिल्या दोन उताऱ्यांत जिथे विसंगती दिसते त्या ओळी अधोरेखित करतील. जोड्याच असाव्यात, सहा जणांच्या गटात दोघं बोलतात आणि चौघं ऐकतात. त्यानंतर १० मिनिटं तिसरा उतारा आणि चर्चा. उरलेली १५ मिनिटं लेखनाला हवीतच. बहुतेक तासांत नेमकी हीच कापली जातात, आणि मग चर्चा रंगूनही वहीत काही उतरत नाही.

चर्चेत दोन ठिकाणी गाडं अडतं. 'हे लेखन पक्षपाती आहे, म्हणून निरुपयोगी' असं मुलं म्हणतात. तेव्हा विचारा, पक्षपाती असूनही यातून काय कळतं? कर भरणाऱ्यांनाच मत देणारी अट समतेबद्दल फसवी वाटेल, पण सत्ता कोणाच्या हाती राहावी असं सभेला वाटत होतं, याचा तो उत्तम पुरावा आहे. दुसरी अडचण म्हणजे आजच्या मोजपट्टीने निवाडा करणं. द गूज इथे फार मोलाच्या ठरतात, कारण हा आक्षेप आजचा नाही, त्याच काळात एका स्त्रीने तो लिहून ठेवला होता. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळायला १९४४ साल उजाडलं, हे मग कालरेषेवर मांडा.

भूगोलातही हाच क्रम लागू पडतो. मर्केटर प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एका पद्धतीचा, नकाशा दाखवून ग्रीनलंड मोठं की आफ्रिका, असं विचारा. अंदाज वहीत लिहून झाल्यावरच आकडे द्या: ग्रीनलंड सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी. जवळपास चौदा पट. मग कारणाकडे वळा: १५६९ चा हा नकाशा दर्यावर्दींना दिशा अचूक मिळावी म्हणून काढलेला होता, त्यामुळे ध्रुवांकडे क्षेत्रफळ फुगतं. नकाशाही कोणीतरी, कशासाठी तरी केलेला दस्तऐवज आहे, हे यातून मुलांच्या लक्षात येतं.

अर्थशास्त्रात सरासरी उत्पन्नाची व्याख्या सांगण्याआधी दहा कुटुंबं फळ्यावर मांडा. नऊ कुटुंबांचं उत्पन्न प्रत्येकी १०, दहाव्याचं ९१०. सरासरी येते १००, मध्यक (उत्पन्नं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) येतो १०. शंभराच्या जवळपासही एकही कुटुंब नाही, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

आता गुणदान. पाच गुणांच्या उत्तरात विधानाला १, ओळ क्रमांकासह दिलेल्या पुराव्याला २, पुरावा विधानाला कसा आधार देतो हे सांगण्याला १ आणि या पुराव्यातून काय कळत नाही याला १. शेवटचा गुण सुरुवातीला जवळजवळ कोणालाच मिळत नाही. त्यासाठी पहिल्या दोन-तीन वेळा 'या उताऱ्यावरून ... हे सांगता येत नाही, कारण ...' अशी अर्धी ओळ छापून द्या आणि नंतर काढून घ्या.

प्रत्येक तास असा घेता येणार नाही, अभ्यासक्रम तेवढी मोकळीक देत नाही. एका प्रकरणाला असा एक तास पुरतो. ज्या मुद्द्यावर पुरावे एकमेकांशी भांडतात तो मुद्दा त्यासाठी निवडा. बाकीचं सरळ सांगून शिकवायला काहीच हरकत नाही.