फुगडी आणि दूरचे तारे

(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

आमंत्रण देताना मंडळाने 'विश्वातील ऊर्जा' असा विषय सुचवला, तेव्हा मला थोडी धास्तीच वाटली. ऊर्जा हा शब्द हल्ली घराच्या दिशेपासून पाहुण्यांच्या स्वभावापर्यंत कशालाही लावला जातो. माझा जन्म तर कारखान्यातले बॉयलर सांभाळण्यात गेला, आणि तिथे ऊर्जा म्हणजे महिनाअखेरीस येणारे इंधनाचे बिल. म्हणून सुरुवात मघाशी याच सभागृहात झालेल्या मंगळागौरीच्या खेळांपासून करतो, कारण मला जे मांडायचे आहे ते सगळे त्यातल्या फुगडीत होते.

फुगडी नेमकी कुठे असते? फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी एकीजवळही ती नसते. पायाला पाय लावून, हात घट्ट धरून, मागे रेलून त्या गरगर फिरू लागल्या की फुगडी असते, आणि हात सुटले की दोघी उरतात, फुगडी उरत नाही. नदीच्या पाण्यातल्या गरगरत्या फेऱ्याला आणि पोरांच्या हातातल्या लाकडी खेळण्याला मराठीने भोवरा हा एकच शब्द दिला आहे, आणि तो फार नेमका आहे, कारण दोन्ही फिरत असेपर्यंतच उभे असतात. समईच्या ज्योतीचेही तसेच आहे. तेल जळून जाते, हवा येते आणि जाते, आकार मात्र तासन् तास तोच दिसतो. (इथल्या धुराच्या भोंग्याच्या भीतीने आज आपण बटणाची समई लावली, त्यामुळे हे उदाहरण डोळ्यांसमोर आणायला जरा कष्ट पडतील.)

आपले शरीर ज्योतीच्या जातीचे आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे या सभागृहात दोनशे माणसे असतील तर वीस किलोवॅटची शेगडी आत्ता पेटलेली आहे. जेवढी ऊर्जा अन्नातून आत येते, तेवढीच सरासरीने बाहेर जाते. मग आपण खातो तरी काय? पृथ्वीकडे पाहिले तर उत्तर सापडते. सूर्याकडून ती जेवढी ऊर्जा घेते, जवळजवळ तेवढीच अवकाशाला परत करते. फरक असा की दृश्य प्रकाशाच्या एका कणाच्या बदल्यात ती अवरक्त किरणांचे सुमारे वीस कण पाठवते. बंद्या नोटेची चिल्लर होते, रक्कम तीच राहते, आणि त्या मोडीच्या व्यवहारात झाडे, माणसे आणि मंडळे उभी राहतात. ऊर्जा वाहताना वाटेत जो टिकतो, तो आकार.

इथपर्यंतचे सगळे पाठ्यपुस्तकातले आहे. माझा तर्क याच्या पुढचा आहे. आपण समजतो की आधी वस्तू असतात आणि मग त्यांच्यात संबंध जोडले जातात. हा क्रम उलटा असावा, असे मला वाटते. बाई आधी आणि फुगडी नंतर हे उघडच खरे आहे, पण त्या बाईच्या आत शिरून पाहिले तर तिथेही फुगड्याच चाललेल्या आढळतात. तिच्या वजनापैकी जवळजवळ सगळे अणुकेंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनचे असते, आणि प्रोटॉन ज्या क्वार्क नावाच्या आणखी बारीक कणांचा बनतो त्यांची स्वतःची वस्तुमाने जोडली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का भरतो. बाकीचे वस्तुमान त्यांच्या धावपळीच्या आणि एकमेकांना बांधून ठेवण्याच्या ऊर्जेचे आहे. ज्याला आपण ठोस म्हणतो, ते असे बहुतांशी बंधनाचे वजन आहे.

आता फुगडीतली ओढ पाहू. दोन सेकंदांत एक गिरकी आणि मधल्या अक्षापासून शरीर अर्धा मीटर दूर, असा हिशेब धरला तर ६० किलो वजनाच्या बाईच्या हातांना सुमारे ३० किलोंइतका ताण बसतो. पण फिरणे नेमके कशाच्या संदर्भात? न्यूटनने हाच प्रश्न १६८७ मध्ये पाण्याची बादली टांगून, तिला गरगरवून मांडला आणि उत्तर दिले की निरपेक्ष अवकाशाच्या, म्हणजे कोणत्याही वस्तूवर अवलंबून नसलेल्या स्थिर अवकाशाच्या संदर्भात. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन विचारवंताला ते १८८३ मध्ये पटले नाही. त्याचे म्हणणे असे की दिसू न शकणाऱ्या अवकाशाला कशाला मध्ये आणायचे, दूरचे तारे आहेत की! १८५१ मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लंबक टांगून खालची जमीन फिरत असल्याचे दाखवले; तसाच लंबक ध्रुवावर टांगला, तर खालची जमीन फिरत असतानाही तो आपली दिशा दूरच्या ताऱ्यांशी जुळवून ठेवतो. हा योगायोग असेल, तर फार मोठा योगायोग आहे.

या कल्पनेला गणिताचे अंग देण्याचे काम एका कोल्हापूरकराने केले आहे. जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये जो गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, त्यात कणाचे वस्तुमान ही त्याची खासगी मालमत्ता राहत नाही; विश्वातल्या इतर सर्व कणांच्या योगदानातून ते ठरते. हा सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही, आणि केवळ आपल्या माणसाचा म्हणून मीही त्याचा पुरस्कार करणार नाही. परंतु माखच्या शंकेत काही तथ्य असल्याचे प्रयोगातून दिसले आहे. ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहातल्या भिंगऱ्यांची (जायरोस्कोपची) दिशा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे किंचित ढळते, असा त्या प्रयोगाचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. फिरणारी पृथ्वी भोवतीच्या अवकाशालाही थोडे आपल्याबरोबर ओढते.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्यायला हवा. ऊर्जा अमर आहे, असे व्यासपीठांवरून छातीठोकपणे सांगितले जाते. गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये दाखवले की ऊर्जेची अक्षय्यता निसर्गाचे नियम काळानुसार न बदलण्यावर अवलंबून आहे. विश्व प्रसरण पावत असताना दूरच्या प्रकाशाची ऊर्जा क्षीण होत जाते आणि सबंध विश्वाची जमाखर्चाची वही नेहमीच्या पद्धतीने जुळवता येत नाही. दुसरे असे की ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या आरंभी शिव आणि शक्ती हे एकमेकांवाचून नसणारे जोडपे वर्णिले आहे, ते मला अतिशय प्रिय आहे, पण त्यात भौतिकशास्त्र शोधणे हा दोन्ही विद्यांवर अन्याय होईल. त्यांनी मला या विचाराची सवय लावली, पुरावा दिला नाही.

शेवटी एक कल्पना करून पाहू. सगळे तारे, सगळ्या आकाशगंगा, हे सभागृहसुद्धा पुसून टाकले आणि निव्वळ रिकामेपणात त्या दोघी फुगडी घालत आहेत. न्यूटनच्या हिशेबाने त्यांच्या हातांना तीच तीस किलोंची ओढ बसेल. माखच्या हिशेबाने काहीच बसणार नाही, कारण दोघी एकमेकींच्या दृष्टीने स्थिरच आहेत, आणि त्या फिरत आहेत या म्हणण्याला तिथे अर्थच उरत नाही. मी माखच्या बाजूचा आहे. भोवती गाणी म्हणणाऱ्या चार जणी आणून बसवा, म्हणजे अगदी क्षीण का होईना, ओढ सुरू होईल.