मागून घेतलेली गाडी आणि विम्याचे कवच

श्रोतेहो, नमस्कार.

‘गाडीचा विमा आहे ना, मग काळजी कसली?’ असे म्हणून मालक किल्ली हातात ठेवतो आणि आपण निश्चिंत मनाने दुसऱ्याची गाडी रस्त्यावर काढतो. या वाक्यावर विसंबणारे दोघेही अर्धेच बरोबर असतात. मोटारविमा या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी संरक्षणे येतात: गाडीमुळे तिसऱ्या माणसाचे जे नुकसान होईल त्याची भरपाई, खुद्द गाडीचे नुकसान, आणि चालवणाऱ्याच्या जिवाला किंवा शरीराला झालेली इजा. गाडी मागून घेतलेली असली की यांपैकी पहिले संरक्षण बहुधा शाबूत राहते, दुसरे पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते आणि तिसऱ्याच्या बाबतीत तर गाडी मागून नेणारा अनेकदा उघडाच पडतो.

मुळात विमा गाडीचा असतो की चालवणाऱ्याचा, याचे उत्तर सर्व देशांत सारखे नाही. भारतात तो प्रामुख्याने गाडीचा असतो. खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत चालकाविषयी जी अट असते, तिच्यानुसार अपघाताच्या वेळी ज्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना आहे आणि ज्याला वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेले नाही, अशी कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने गाडी चालवू शकते. अमेरिकेतही सामान्यतः असेच असून, मालकाची पॉलिसी आधी आणि चालकाची स्वतःची पॉलिसी असल्यास ती नंतर लागू होते. मात्र तिथल्या काही पॉलिसींत ठरावीक व्यक्तींना नाव घेऊन वगळलेले असते. ब्रिटनमध्ये याउलट पॉलिसीत ज्यांची नावे आहेत तेवढेच चालक प्रायः धरले जातात. स्वतःच्या पॉलिसीच्या आधारे दुसऱ्याची गाडी चालवण्याची सवलत तिथे काहींना मिळते खरी, पण ती बहुधा तिसऱ्या पक्षापुरतीच असते, म्हणजे मित्राची गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचा पैसा त्या सवलतीतून मिळत नाही.

मालकाची जबाबदारी किल्ली देऊन संपत नाही. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी विम्याविना गाडी वापरणे जसे निषिद्ध आहे, तसेच ती दुसऱ्याला वापरू देणेही निषिद्ध आहे. चालकाकडे परवानाच नव्हता असे पुढे निघाले, तर विमा कंपनीने जखमी माणसाला भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. म्हणून किल्ली देण्यापूर्वी समोरच्याचा परवाना पाहायला मागणे यात संकोचण्यासारखे काही नाही; माझ्या मते तो न मागणेच बेफिकिरीचे आहे.

आता त्या तिसऱ्या संरक्षणाकडे वळू, कारण त्याचा विचार सर्वांत कमी होतो. भारतात मालक स्वतः चालवत असताना त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. पण ते नोंदणीकृत मालकासाठी, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. गाडी मागून नेणारा मित्र त्यात येत नाही. तो तिसरा पक्षही ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका प्रकरणात, मागून घेतलेली मोटारसायकल चालवताना मरण पावलेली व्यक्ती मालकाच्याच जागी उभी राहते, असे म्हटले आणि त्यामुळे तिच्या वारसांना त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडून तिसरा पक्ष या नात्याने भरपाई मागता येणार नाही, असे ठरवले. दोष दुसऱ्या वाहनाचा असेल तर त्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा करता येतो. परंतु गाडी स्वतःच्याच हातून झाडावर आदळली तर विचारणार कोणाला? ज्याला वरचेवर इतरांच्या गाड्या चालवाव्या लागतात, त्याने कोणत्याही वाहनाशी न जोडलेला स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा घेणे, हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.

गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला तरी झळ मालकाला बसतेच. सलग ५ वर्षे क्लेम न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात मिळणारी ५० टक्क्यांपर्यंतची नो क्लेम बोनसची सूट मित्राच्या एका चुकीने नूतनीकरणाच्या वेळी जाते, शिवाय प्रत्येक क्लेममधली ठरावीक रक्कम मालकालाच सोसावी लागते. लहानसा पोचा असेल तर क्लेम न करता खर्च चालवणाऱ्याने देणे पुष्कळदा स्वस्त पडते, पण हे आधीच बोलून ठेवलेले बरे. (आपल्याकडे अशी बोलणी पोचा पडल्यावरच सुरू होतात, ही गोष्ट वेगळी.)

वापराचा हेतूही महत्त्वाचा असतो. खासगी वापराच्या पॉलिसीवर चालणारी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरली, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते, मग ती मालकाने चालवलेली असो वा मित्राने. तसेच एखादा तरुण मुलगा रोज चालवत असलेल्या गाडीचा मुख्य चालक म्हणून हप्ता कमी व्हावा यासाठी वडिलांचे नाव देणे, हा ब्रिटनमध्ये विमा कंपनीची फसवणूक करण्याचाच प्रकार मानला जातो.

मागून घेतलेल्या गाडीला अपघात झालाच, तर क्लेम मालकालाच करावा लागतो हे लक्षात घेऊन चालवणाऱ्याने त्याला तत्काळ कळवावे, समोरच्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, जागेवरची छायाचित्रे काढावीत आणि स्वतःच्या परवान्याची प्रत मालकाकडे द्यावी. गाडी चालवत कोण होते याबाबत मात्र अर्जात खरेच लिहावे. मित्राला वाचवण्यासाठी मालक स्वतःचे नाव पुढे करतो आणि पोलीस नोंदीतून दुसरेच नाव निघते, तेव्हा एरवी मंजूर होऊ शकला असता असा क्लेमही खोट्या माहितीच्या कारणावरून नाकारला जाऊ शकतो.