पडीक रान काढताना यंत्राच्या हाताला काय लावाल?

नमस्कार श्रोतेहो.

माघ सरत आला, की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पडीक रानं मोडायची घाई सुरू होते. पन्हाळा-शाहूवाडीच्या उतारावर घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, भुदरगड-आजऱ्याकडं रानमोडी, चंदगडला काजूसाठी काढायची जांभ्याची माळं, शिरोळ-हातकणंगल्याकडं ओढ्याकाठची वेडी बाभूळ. मृगाच्या आत रान तयार पाहिजे असतं. मग फोन जातो, ‘पोकलेन पाठवा.’ पोकलेन हे मूळचं एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडं चेनवर चालणाऱ्या प्रत्येक खोदाईच्या यंत्राला ते चिकटलंय. फोनवर तासाचा दर ठरतो, डिझेल कुणाचं ते ठरतं, यंत्र कधी येणार तेही ठरतं. त्याच्या हाताला काय लावून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

आमचं दीड एकर रान पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे. भाऊबंदकीत बारा वर्षं पडून होतं. वाटणी झाली, वडिलांनी यंत्र सांगितलं, आणि ते दातांची साधी बकेट लावून आलं. ऑपरेटर म्हणाला, ‘अण्णा, दोन दिवसांत आरशासारखं करून देतो.’ दिलंही त्यानं. बकेट झुडपाखाली घालायची, मुळासकट उचलायचं, बांधाकडं नेऊन टाकायचं. प्रत्येक उचलीत एक झुडूप आणि अर्धी बकेट माती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रान सपाट झालं होतं, खाली पिवळा मुरूम दिसत होता आणि बांधाला पुरुषभर उंचीचा ढीग लागला होता. त्या पावसाळ्यात टाकलेला भुईमूग वीतभरही वाढला नाही. त्या ऑपरेटरला मी दोष देत नाही. बकेट माती उचलण्यासाठीच घडवलेली असते, तिनं तिचं काम केलं.

हिशोब करून बघा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून चार इंचांचा थर निघाला तर साडेचौदा हजार घनफूट, म्हणजे जवळपास १४५ ब्रास माती जागची हलली. शेणखत, पालापाचोळा, मुळं कुजून तयार झालेला जो काही कस असतो, तो या वरच्या चार-सहा इंचांतच असतो. उतारावरच्या रानात तर त्याखाली थेट मुरूमच. म्हणून रान साफ करायचं ठरलं, की मी पहिला प्रश्न विचारतो तो काय काढायचं हा नसतोच. जागेवर काय ठेवायचं, हे मी आधी विचारतो. माती ठेवायची असेल तर बकेटीला सुट्टी.

मग लावायचं काय? घाणेरी, करवंद, रानमोडी, बोरीची रोपं असं मनगटाएवढ्या खोडापर्यंतचं काही असेल, तर रेक. आपल्या घरच्या दाताळ्याचाच हा थोरला भाऊ. जाड पोलादाचे वाकडे दात, दोन दातांमध्ये चार-सहा बोटांची फट. दात जमिनीत वीतभर घालून ओढले की मुळं अडकून वर येतात आणि माती फटीतून खाली गळते. वर आलेला गड्डा दोन वेळा हलवायचा, उरलेली मातीही झडते. पण माती वाफशापेक्षा ओली असेल तर काहीच गळत नाही, फटी लिंपून रेकची बकेट होते. काळ्या रानात तर ओल असताना यंत्र घालूच नका. चेनखाली दबलेली काळी माती पुढची दोन-तीन पिकं पाणी धरून बसते आणि ऊस पिवळा पडतो.

रेकनं उपटलेलं उचलायला पंजा लागतो, ज्याला ग्रॅपल म्हणतात. पंजा परवडत नसेल तर खोदाई यंत्राच्या दांडीला बकेटीसमोर मिटणारा अंगठा बसवून घ्यावा. आपल्या हाताचा अंगठा काढला तर पेन्सिलसुद्धा धरता येत नाही. बकेटीचंही तसंच आहे. अंगठा नसलेली बकेट ओंडका उचलत नाही, नुसता ढकलत नेते आणि ढकलताना माती सोबत ओढते. मेसकाठीची, म्हणजे बांबूची, जुनी बेटं काढायची तर अंगठ्याशिवाय हात घालूच नये. बेटाच्या मध्यावर बकेट मारली तर कांदे तुटतात, प्रत्येक तुकड्याला कोंब येतात. कडेपासून एकेक गड्डा सुटा करत, अंगठ्यानं धरून, सगळा कांदा बाहेर काढत आत जायचं. वेळ लागतो, पण ते काम परत करावं लागत नाही.

आता मल्चर. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. फिरणारा ड्रम, त्यावर दात, झाड खाली येईपर्यंत त्याचा भुगा. माती हलत नाही, ढीग लागत नाही, जाळायची गरज उरत नाही. उतारावरच्या रानाला तो भुगा पांघरुणासारखा बसतो, पहिल्या पावसात माती वाहत नाही. मला हे यंत्र मनापासून आवडतं. तरीही समोर झाड कुठलं आहे ते बघितल्याशिवाय मी मल्चर सांगत नाही. सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ ही झाडं वरून कापली की बुडातून दुप्पट जोमानं फुटतात. घाणेरीचे कोंब जमिनीलगतच्या बुंध्यातून येतात. तिचं मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडून बुंधा उलटा टाकला, तर ती मरते. नुसती वरून दळली, तर दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही परत त्याच जाळीसमोर उभे असता. म्हणजे अशा रानात आधी मल्चर आणि मागून रेक, किंवा सरळ रेकच. भुगा रानात मिसळला तर पहिल्या हंगामात नत्राचा हप्ता थोडा वाढवा, कारण लाकूड कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र खातात.

मल्चरच्या दातांचेही दोन प्रकार असतात. धारदार पात्यांचे दात लाकूड बारीक आणि झटपट कापतात, पण दगड लागला की धार गेली. कार्बाइडच्या टोकाचे बोथट दात लाकूड फोडतात. काम जरा भरड होतं, पण दगडधोंड्यात ते टिकतात. आपल्या पश्चिमेच्या तालुक्यांत दगडाशिवाय रान नाही. तिथं कार्बाइड. आणि मल्चर चालू असताना तीनशे फुटांच्या आत माणूस नको, जनावर नको, बघायला आलेली पोरं तर नकोतच. त्यातून उडालेली ढपली गोफणीच्या दगडासारखी येते. केबिनला साधी काच असेल तर त्या यंत्राला मल्चर लावूच देऊ नका.

आता एक गोष्ट जरा नीट ऐका, कारण इथं लाखांचं नुकसान होतं. अवजार विकत घेताना किंवा भाड्यानं आणताना लोक पिनेचा व्यास जुळतोय का एवढंच बघतात. पिन जुळली म्हणजे अवजार जुळलं असं होत नाही. हायड्रॉलिकचं तेल बघा, अवजार त्याच्याच दाबानं चालतं. खडक फोडणारा ब्रेकर चालवायला यंत्रातून एका बाजूनं तेल गेलं आणि परत आलं, एवढं पुरतं. पंजा किंवा अंगठा उघडायचा आणि मिटायचाही, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दाब देणारी लाईन लागते. मल्चरच्या मोटारीला तर सतत भरपूर तेल हवं, आणि शिवाय एक तिसरी बारीक लाईन, मोटारीत झिरपलेलं तेल विनादाब थेट टाकीत नेणारी. ही लाईन न जोडता मल्चर चालवला की मोटारीचं सील फुटतं. नुसत्या ब्रेकरच्या लाईनवर मल्चर जोडून बसलेली मोटार मी स्वतः उघडलेली बघितली आहे.

जिथं मोठं पोकलेन वळत नाही, अशा बांधाबांधातल्या लहान रानात चेनवरचा छोटा लोडर चांगला. बॉबकॅटसारखं दिसणारं, पण टायरऐवजी रबरी चेन असलेलं यंत्र. ते खोल खणत नाही. वरचं झुडूप काढणं, गोळा करणं, ढीग लावणं यात मात्र त्याचा हात धरणारं दुसरं यंत्र नाही, कारण ते गोळा करता करता चालतं आणि चेनमुळं वजन पसरतं. अशा लोडरचा साधा तेलप्रवाह मिनिटाला साधारण ७० ते ९० लिटर असतो. एवढ्यावर पंजा चालतो, गवत-झुडूप कापणारा कटर चालतो. जंगली मल्चरला बहुतेक वेळा शंभराच्या वर लागतो, म्हणजे हाय फ्लोचं यंत्र पाहिजे. वजनाचंही तसंच. चेनच्या लोडरची कामाची क्षमता तो पुढं कलंडेल त्या वजनाच्या ३५ टक्के धरतात. तीन हजार किलोला कलंडणारा लोडर १,०५० किलोचा. त्याला चारशे किलोचा पंजा लावला की उचलायला उरले साडेसहाशे. ओली सुबाभूळ साडेसहाशे किलो पटकन भरते. उतारावर तर ओझं गुडघ्याच्या खाली धरूनच चालवायला सांगा.

जांभ्याच्या माळावर गोष्ट वेगळी. तिथं झाडं कमी आणि खडक जास्त. ब्रेकर लावून दिवसभर ठकठक करण्याआधी रिपर लावून बघा, एकच लांब दात असतो तो. जांभा बहुधा रिपरनं फाटतो आणि काजूचे खड्डे निम्म्या त्रासात होतात. काळा फत्तर लागला तरच ब्रेकर.

रिपर म्हटलं की मला आपल्या पाणीपुरवठा संस्था आठवतात. पंचगंगेपासून दूधगंगा-वेदगंगेपर्यंत नदीचं पाणी माळावर चढवणाऱ्या पाईपलाईन आपल्या रानांच्या पोटातून गेल्यात. त्यांचा नकाशा बहुतेक ठिकाणी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या डोक्यात असतो. यंत्र उतरवण्याआधी त्याला बोलावून फक्कीनं रेघ मारून घ्या. एक दात चुकला तर पन्नास जणांचा ऊस वाळतो. झाडांचंही आधीच बघा. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडं आपल्या मालकीच्या रानात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ओघळीच्या काठचं झाड तर परवानगी मिळाली तरी मी तोडणार नाही, त्याच्या मुळांनीच तो काठ धरलाय. उपटलेला झाडोरा उताराला आडवा, रांगेनं लावा. वरून येणारी माती तिथं अडते.

रेक विकत आणायची तर बाहेरून मागवायची गरज नाही. आपल्या उद्यमनगरात आणि शिरोलीत पोलाद ओळखणारी माणसं आहेत. जाताना पिनेचा व्यास, दोन पिनांमधलं अंतर, दांडीची रुंदी आणि यंत्राचं टनेज लिहून न्या. दातांना घासाला टिकणारं पोलाद मागा. साध्या पत्र्याचे दात पहिल्याच माळावर वाकतात.

आमच्या रानातला तो ढीग सात वर्षं तसाच बांधाला होता. त्यावर परत घाणेरी आली होती. गेल्या उन्हाळ्यात मी जाळीची बकेट भाड्यानं आणली, बूड म्हणून नुसत्या पोलादी सळ्या असलेली. ढीग आतून पूर्ण कोरडा होता. ऑपरेटर एकेक बकेट भरायचा, रानावर नेऊन चाळणीसारखी हलवायचा. माती गळून पडायची, दगड आणि कुजकी मुळं सळ्यांवर राहायची. ती एका बाजूला ओतत गेलो. अण्णा दोन्ही दिवस बांधावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठले, रानात आले, ओंजळभर माती उचलून दाबून बघितली आणि म्हणाले, ‘हीच होती.’ यंदा तिथं परत भुईमूग टाकलाय.

नमस्कार.