कपाटातला कॅमेरा बाहेर काढा

बसा, बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. मला फोनवर सांगितलं होतं की तुमचे जुने कॅमेरे घेऊन या, लोकांना बघायला आवडतील. आणलेत, पण नुसते बघायला नाही आणलेले, हातात घ्या, दाबा, फिरवा. या टेबलावरच्या प्रत्येक कॅमेऱ्यात या वर्षी निदान एक फिल्मचा रोल पडलाय. आणि आज मला खरंतर तेवढंच सांगायचंय, तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी माळ्यावर नाहीतर कपाटात बाबांचा किंवा आजोबांचा एखादा कॅमेरा पडून असणार, तो शोकेसमध्ये मांडू नका, त्यात रोल घाला.

हा आगफा क्लिक थ्री. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा, इथे पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत त्यांनी तो बघताक्षणी ओळखला असेल. वडिलांनी घेतलेला. 120 चा म्हणजे रुंद रोल बसतो, बारा चौकोनी फोटो निघतात, मागे ही लाल खिडकी, त्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसतो, आकडा मधोमध आला की गुंडाळणं थांबवायचं. लेन्स म्हणजे एक भिंग, सेटिंग म्हणजे उन्हाचं चित्र आणि ढगाचं चित्र. भरपूर उजेड लागणारं यंत्र, म्हणून फोटो काढणारा सूर्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि समोरच्यांच्या थेट डोळ्यात ऊन. तुमच्या जुन्या अल्बममधले सगळे काका, आत्या, मावश्या डोळे बारीक करून का उभे आहेत ते यामुळे! आमच्या आईचा लग्नानंतरचा पहिला फोटो याच कॅमेऱ्यातला, पर्वतीच्या पायऱ्यांवर, तीही तशीच, हात कपाळाशी नेलेला. त्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ नेहमीच्या 35 एमएम रोलच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटीहून जास्त आहे, म्हणून परवा मी ती स्कॅन केली तर साडीच्या काठावरची बुट्टी मोजता आली मला. इतकं साधं भिंग आणि ही बुट्टी.

आता लोक म्हणतात, जुना आहे, वापरला तर खराब होईल. उलट आहे हो. पडून राहिला की ग्रीस घट्ट होतं, शटरची पाती चिकटतात, मागच्या दाराला लावलेला फोम डांबरासारखा चिकट होऊन आत गळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते चामड्याचं कव्हर. आपल्याला वाटतं किती जपून ठेवलाय, पण चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि लेन्सच्या आत फंगस धरतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा. मुंबई-कोकणात तर चार महिने हवा ओलीच असते. कव्हर बाजूला ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि महिन्यातून एकदा उघडून रिकामं शटर दहा-वीस वेळा मारा. फोम गेला असेल तर काळी लोकर आणा, ती त्या खाचेत दाबून बसवली तरी उजेड आत जात नाही, मी दोन कॅमेऱ्यांना हेच केलंय.

घरात नसेल तर पुण्यात जुना बाजार आहेच, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजार. तिथे किमतीची घासाघीस नंतर करा, आधी मागचं दार उघडा, मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, जाळं दिसलं तर ठेवून द्या. मग शटर एक सेकंदावर लावून मारा. बॅटरीवर नाही, आतल्या चाकांवर चालणारं शटर असेल तर आतून बारीक कर्रर्र असा आवाज येतो, तो सेकंदभर नीट, न अडखळता यायला पाहिजे. हा ऑलिंपस ट्रिप 35 मी तिथूनच घेतला. 1967 ते 1984 एवढी वर्षं हे मॉडेल बनत होतं, आणि याला बॅटरीच नाही. लेन्सच्या भोवती ही जी मधाच्या पोळ्यासारखी काच दिसतेय ना, तिच्या आत सेलेनियमचा सेल आहे, उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो आणि त्याच विजेवर आतला काटा हलतो. ऑटोवर ठेवून लेन्स हाताने झाकली आणि बटण दाबलं तर बघायच्या खिडकीत लाल पट्टी वर यायला पाहिजे आणि शटर अडकायला पाहिजे. विकणारे काका म्हणाले, बंद पडलाय, अडकतोय, आणि मी तो उन्हात धरला, बटण दाबलं, खट्. काकांना मी सांगितलं की चालू आहे तुमचा कॅमेरा, मग त्यांनी पन्नास रुपये वाढवले, मी दिले.

बरं, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा लाईट मीटर बंद असला तरी घाबरू नका. 100 चा रोल, कडक ऊन, अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक 16 वर (आकडा लहान तसं भोक मोठं), शटर सेकंदाचा शंभरावा भाग, नाहीतर कॅमेऱ्यावर जवळचा 125 असेल तो. हे इतकं जुनं गणित आहे आणि अजून चुकत नाही. आणि ऊन कडक आहे का नाही हे आकाशाकडे बघून ठरवू नका, जमिनीवर स्वतःची सावली बघा. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असली की 16. कड जरा मऊ झाली की 11. सावली जेमतेम दिसतेय तर 8, दिसतच नाही तर 5.6. शंका आली तर एक घर जास्त उजेड द्या, म्हणजे 16 ऐवजी 11, निगेटिव्ह रोल जास्तीचा उजेड पचवतो, कमी पडलेला नाही पचवत. हे महिनाभर केलं की काय होतं सांगू, तुम्ही बसस्टॉपवर उभे असता आणि कॅमेरा जवळ नसतानाही मनात म्हणता, आता 8, आता ढग सरकला, 11. मला या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट ही आहे. उजेड आधीही होता, मी तो बघत नव्हतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे ती सांगतो. एका वर्षी वारीच्या पालख्या पुण्यात आल्या तेव्हा मी पहाटेपासून दिवसभर त्यांच्याबरोबर चाललो. एक आजी होत्या, डोक्यावर तुळस, छत्री कुणीतरी तिसऱ्यानेच धरलेली, त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मी दाबलं. रोल 36 फोटोंचा, संध्याकाळी काउंटर 36 झाला, 37, 38, 40, रोल काही संपेना. तेव्हा पोटात गोळा आला. उघडलं तर रोलची जीभ स्पूलमध्ये, म्हणजे रोल गुंडाळणाऱ्या दांडीत, अडकलेलीच नव्हती, अख्खा दिवस रोल जागचा हलला नव्हता. आजींचा फोटो गेला. त्यानंतर मी एकही रोल असा घातला नाही की ज्यात वाइंड करताना डाव्या बाजूची रिवाइंडची कळ फिरतेय का हे बघितलं नाही. ती फिरली म्हणजे रोल सरकतोय. तुम्ही पहिल्या रोलपासून हे बघा, कृपा करून.

रोल धुवायचं म्हणाल तर ब्लॅक अँड व्हाइट घरी करा. डार्करूम नको, एक चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात रोल हाताळायची काळी पिशवी), एक रोल धुवायची छोटी टाकी, थर्मामीटर आणि दोन-तीन बाटल्या. रोलवर चित्र उमटवणारं रसायन म्हणजे डेव्हलपर, त्यात मी डी-76 वापरतो, कोडॅकचं 1927 सालचं सूत्र आहे ते, अजून मिळतं. पुस्तकात 20 डिग्री लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी तिशीच्या वर! म्हणून मी स्वयंपाकघरातली मोठी परात घेतो, त्यात बर्फ-पाणी, त्यात बाटल्या उभ्या करतो आणि थर्मामीटरकडे बघत बसतो. 20 पर्यंत नाही उतरलं तर 24 ला थांबायचं आणि वेळ कमी करायचा, एचपी फाइव्ह या ब्लॅक अँड व्हाइट रोलला जिथे साडेसात मिनिटं लागतात तिथे पाचच्या आसपास येतात, पाचच्या खाली मात्र जाऊ नका, डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. मग डेव्हलपरचं काम थांबवणारं स्टॉप, मग चित्र पक्कं करणारं हायपो, मग पाणी. आणि टाकीचं झाकण काढून ती ओली पट्टी पहिल्यांदा खिडकीकडे धरायची. आकाश काळं, केस पांढरे, टपकणाऱ्या थेंबातून कुणाचा तरी चेहरा. आमच्या घरी त्या वेळी सगळे बाथरूमच्या दाराशी जमतात, मुलगी विचारते, आलं का, आलं का. रंगीत रोलला 38 डिग्री सांभाळावी लागते, तो लॅबला द्या.

आणि हा दोन डोळ्यांवाला, याशिका मॅट. यात वरून खाली बघायचं, काचेवर चित्र दिसतं पण डावं-उजवं उलटं, पहिले चार दिवस माणूस उजवीकडे गेला की आपण भलतीकडेच वळतो. होमाई व्यारावाला अशाच घडणीचा रोलीफ्लेक्स वापरायच्या. 1913 चा जन्म, नवसारीचा, शिक्षण मुंबईत जे. जे. मध्ये, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, 2011 ला पद्मविभूषण मिळालं. त्यांचे नेहरूंचे फोटो बघा, माणूस किती मोकळा दिसतो. माझं मत असं की यात कॅमेऱ्याचाही वाटा असणार, कारण तो पोटाशी धरलेला, मान खाली, समोरच्याला डोळ्यासमोर यंत्र दिसतच नाही. आमच्या कॉलनीतले वॉचमन काका मोबाईल समोर धरला की ताठ होतात, याच्यासमोर तंबाखू मळत बोलत राहिले आणि तोच त्यांचा सगळ्यात चांगला फोटो आला.

खर्चाचं कुणीतरी विचारणारच. हो, महाग झालंय. रंगीत रोल, धुणं, स्कॅन मिळून हजाराच्या पुढे सहज जातं. एकेकाळी आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, 1960 ची सरकारी कंपनी, इंदू नावाचे रोल करायची, ती बंद पडली याचं मला अजून वाईट वाटतं, आज इथे बनलेला रोल हातात असता तर शाळेतल्या पोरांना वाटता आला असता. मी दोन महिन्यांत तीन रोल घालतो, त्यापेक्षा जास्त नाही, आणि तेवढे पुरतात.

असो, बाहेर ऊन उतरायला लागलंय. क्लिक थ्रीमध्ये रोल आहे, बारापैकी सात झालेत, पाच उरलेत. ढगाच्या चित्रावर ठेवलाय. पायऱ्यांवर अजून अर्धा तास उजेड असेल, ज्यांना एकेक काढायचाय त्यांनी चला माझ्याबरोबर, आणि दाबताना श्वास रोखून धरा.