'एचआर कळवेल'

श्रोतेहो, नमस्कार. मिहान या नागपूरजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या मोठ्या कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं की घरात काय होतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. शर्टाला कडक इस्त्री, देवापुढे साखर, आणि शेजारचे काकाजी "पॅकेज किती म्हणते?" असं विचारून जातात. अजून काही हातात नसतं, बरं का.

मी सीताबर्डीहून मेट्रोनं खापरीला उतरलो, पुढे ऑटो केला. वेळ सकाळी दहाची होती. गेटवर नोंद, बॅगेची तपासणी, मग लॉबीत बसणं. दुपार झाली तरी नाव पुकारेनात. शेजारी बसलेली मुलगी यवतमाळहून पहाटेच्या एसटीनं आलेली, तिचा सगळा जीव परतीच्या गाडीत. विचारायला गेलं की एकच उत्तर, "पॅनल बिझी आहे."

आत गेलो, तेव्हा साहेबांनी माझा बायोडाटा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला. जागा डेटाबेसच्या कामाची होती. प्रश्न आले ते असे: रात्रपाळी चालेल का? पुण्याला जाल का? आताचा पगार किती? डेटाबेसची जी भाषा, त्या एसक्यूएलचा एक प्रश्न नाही! मीच प्रोजेक्टचा विषय काढला, तर "ओके, ओके, एचआर कळवेल."

एचआरनं काही कळवलं नाही. मी मेल टाकला, त्यावर यंत्राचं उत्तर आलं की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. नकाराचं मला एवढं वाटलं नसतं, पण नकार तरी द्या ना राव!

सरकारी कारभाराला आपण उठता-बसता नावं ठेवतो. पण यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे, हे आधीपासून माहीत असतं, आणि आपल्याला किती मिळाले तेही नंतर कळतं. केंद्रानं तर १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, कारण तिथे वशिल्याला वाव राहतो.

खाजगी कंपन्यांनी मुलाखती बंद कराव्यात असं मी म्हणत नाही. नीट घ्याव्यात. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण दिले, तर माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे तयारी न करता बसणारं पॅनल आपल्याच कंपनीसाठी चुकीचा माणूस निवडण्याची सोय करतं.

आता मी खुर्चीवरून उठण्याआधी विचारून घेतो, निर्णय कधीपर्यंत होईल आणि चौकशी कुणाकडे करायची. समोरचे जरा दचकतात, एकमेकांकडे पाहतात. पण बहुतेक वेळा नंबर देतात. तुम्हीही विचारत जा. नमस्कार.