कर्जाबरोबर गळ्यात घातलेला विमा: पैसे परत मागायचे तर अर्ज दोन लिहा

रामराम मंडळी.

मागच्या महिन्यात सोनेतारण कर्जावर व्हिडिओ केला होता. खालचे प्रश्न बघितले तर निम्म्याहून जास्त विम्याचे. त्यातला कागलच्या एका दादांचा प्रश्न वाचते. "ताई, म्हशींसाठी तीन लाखाचं कर्ज काढलं. खात्यावर दोन लाख ब्याऐंशी हजार आले. विचारलं तर म्हणाले, विमा कापलाय. मला कुणी विचारलंच नव्हतं. आता काय होतंय का?"

होतंय दादा. तुमचं उत्तर शेवटी तारखेसकट देते, तोवर थांबा.

दुसरा एक प्रश्न तीन-चार जणांनी विचारलाय. कुणाचा भाचा, कुणाची लेक इंग्लंडला असते, तिकडं पीपीआय नावाचे पैसे परत मिळाले म्हणे, आपल्याकडं त्याचा फॉर्म कुठं मिळतो? तर ऐका. पीपीआय म्हणजे कर्जाच्या हप्त्याच्या सुरक्षेचा विमा. इंग्लंडात बँकांनी तो कर्जाबरोबर वर्षानुवर्षं विकला. ज्यांना त्याचा दावा करताच आला नसता त्यांनाही विकला. नोकरी गेली तर हप्ता भरणारा विमा, आणि तो धंदेवाल्याला! २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टाचा निकाल बँकांच्या विरोधात गेला आणि परतफेड सुरू झाली. दाव्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. एकूण ३८ अब्ज पौंडांच्या वर रक्कम लोकांना परत गेली. ती योजना त्यांची, आणि ती बंद झाली. आपल्याकडं असा कुठला फॉर्म नाही. व्हॉट्सॲपवर "विमा परतावा फॉर्म, फी पाचशे रुपये" असं काही आलं तर ती फसवणूक आहे, पैसे भरू नका.

पण तिकडचा एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. प्लेव्हिन खटला, २०१४. एका बाईंनी कर्जाबरोबर जो विमा घेतला होता, त्याच्या प्रीमियममधला ७१.८ टक्के भाग नुसतं कमिशन होतं आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे लपवणंच अन्यायाचं आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. शंभरातले बहात्तर रुपये! आता आपल्या शाखेतले साहेब विम्यासाठी एवढा आग्रह का करतात, ते ध्यानात येईल. त्यांच्यावरही वरून टार्गेट असतं, ते मला मान्य आहे. पण ते टार्गेट माझ्या शेतकऱ्याच्या म्हशीवर का काढायचं?

आता सोप्या गोष्टी भराभर सांगते. गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा. घरकर्जात घराच्या इमारतीचा विमा बँक करारात मागू शकते. तुमच्या जिवाचा विमा मात्र कुठल्याही कायद्यानं कर्जाला सक्तीचा नाही. "विमा घेतला तरच कर्ज पास" असं म्हणणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या घरगुती आणि छोट्या धंद्याच्या नव्या कर्जाला केएफएस नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात विम्यासकट सगळे खर्च दिसले पाहिजेत, आणि तोही तुम्हाला कळणाऱ्या भाषेत. त्यात नसलेला पैसा तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. तो कागद मिळाला नसेल तर आधी तो मागा.

हिशोब एकदाच करून दाखवते, कारण "पंधरा-वीस हजारानं काय होतंय" असं खूप जण म्हणतात. घरकर्ज वीस वर्षांचं, व्याज नऊ टक्के. विम्याचे ८० हजार कर्जातच मिळवले. त्या ८० हजारांचा महिन्याचा हप्ता होतो ७२० रुपये. वीस वर्षांत तुम्ही भरता १ लाख ७२ हजारांच्या वर. आणि विम्याचं सर्टिफिकेट काढून बघा, विम्याची मुदत पुष्कळदा पाचच वर्षं असते. सहाव्या वर्षी काही झालं तर विमा संपलेला, त्याचा हप्ता मात्र पुढं पंधरा वर्षं चालूच.

आता खरा मुद्दा. लोक इथंच अडकतात, आणि आम्हीही इथंच अडकलो होतो.

२०२१ मध्ये माझ्या भावानं उद्यमनगरात लेथसाठी पाच लाखाचं कर्ज काढलं. हातात पैसे कमी आले, मशीनवाल्याला द्यायला अपुरे पडले, वहिनीनं पाटल्या गहाण टाकल्या. विमा कापलाय हे चार महिन्यांनी स्टेटमेंट बघताना कळलं. आम्ही शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "विमा कंपनीचा विषय आहे, आमचा नाही." कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, "मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कर्जदारांची मिळून एकच पॉलिसी, बँकेच्या नावावर आहे, बँकेतून मेल येऊ दे." परत शाखा, परत फोन. सहा आठवडे असे गेले, आणि आमच्या हातात एकही कागद नव्हता.

म्हणून सांगते, अर्ज दोन लिहायचे, दोघांना, एकाच दिवशी. तुमचा व्यवहार दोघांशी झालाय. विमा देणारी कंपनी वेगळी, आणि तो विकणारी, तुमच्या कर्जातून पैसे कापणारी बँक वेगळी. एकालाच लिहिलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. दोघांना लिहिलं की दोघांनाही आपापल्या वाट्याचं उत्तर द्यावंच लागतं.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. दोघांकडं मागायचं काय, तेही वेगळं आहे. कंपनीला लिहायचं: पॉलिसी रद्द करा, प्रीमियम परत करा, आणि माझ्या सहीचा प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, नि आरोग्याची घोषणा यांची प्रत द्या. बँकेला लिहायचं: माझी संमती कुठं आहे ती दाखवा, प्रीमियमवर आजवर लावलेलं व्याज परत करा, आणि हप्ता नव्यानं काढून द्या. हे शेवटचं लोक विसरतात. कंपनी प्रीमियम परत करते, तो बहुतेकदा कर्जखात्यात जमा होतो, आणि माणूस खूश. पण त्या पैशावरचं चार-सहा महिन्यांचं व्याज? ते बँकेनं घेतलंय, कंपनीनं नाही. ते कंपनीकडं मागून मिळणारच नाही. भावाचा प्रीमियम आला, आणि व्याजासाठी आम्हाला बँकेला वेगळा अर्ज करून आणखी दोन महिने थांबावं लागलं. पहिल्याच दिवशी दोन्ही अर्ज दिले असते तर ते दोन महिने वाचले असते.

आता तिसरी बाजू. पुढं दाद मागायची वेळ आली तर दारंही दोन आहेत. विमा कंपनीच्या विरोधात विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, अर्ज ऑनलाइनही करता येतो. बँकेच्या विरोधात रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्यासाठी सीएमएस नावाचं पोर्टल आहे, माहितीचा नंबर १४४४८. दोन्हीकडं पहिला प्रश्न एकच: तुम्ही आधी लेखी तक्रार केली होती का, आणि कधी? तक्रारीनंतर महिनाभर वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर जायचं. हा महिना ज्याच्या त्याच्या अर्जापासून मोजतात. बँकेला दिलेल्या अर्जावर कंपनीचा महिना सुरू होत नाही. कळलं का मंडळी? म्हणून दोन अर्ज.

आणि पोच! तोंडी सांगितलेलं कुठं मोजत नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. शाखेत शिक्का देत नसतील तर तिथं वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि तोच मजकूर त्यांच्या तक्रारीच्या ईमेलवर टाका. विमा कंपनीची तक्रार इरडाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते, फोन १५५२५५. तिथं टोकन नंबर मिळतो, तो लिहून ठेवा.

जयसिंगपूरच्या एका ताईंनी विचारलंय, "मी ओटीपी सांगितला होता, म्हणजे माझी संमती झाली ना?" ताई, तो मेसेज अजून असेल तर पुसू नका. त्यात ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. कर्जाच्या अर्जाचा म्हणून तुम्ही ओटीपी दिला असेल आणि त्यावर विमा चढवला असेल, तर तो मेसेज तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

प्रपोजल फॉर्मची प्रत का मागायला लावते, तेही सांगते. माझ्या भावाला आठ वर्षांपासून साखर आहे. फॉर्मवर "कुठलाही आजार नाही" असं होतं, आणि तो फॉर्म त्यानं भरलेलाच नव्हता. सही घ्यायला खुणा करून पानं पुढं ठेवली, त्यानं केल्या. ते पान बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पैसे गेले ते गेलेच, पण त्याला काही झालं असतं तर कंपनीनं याच पानावर बोट ठेवून दावा नाकारला असता. नाही ती शंका मनात आणू नये, पण वहिनी आणि दोन पोरं घेऊन मी कुठं गेले असते? आमच्या तक्रारीत सगळ्यात वजन पडलं ते याच पानाचं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. विमा वाईट नाही. डोक्यावर कर्ज आहे, घरात कमावणारं एकच माणूस आहे, तर टर्म विमा पाहिजेच. तो वेगळा घ्या, तब्येत खरी सांगून घ्या, वारस म्हणून बायकोचं नाव लावा. वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, बँकेच्या मास्टर पॉलिसीसारख्या ग्रुप पॉलिसीला ती सूट नाही. आणि ज्यांना मोठा आजार आहे, बाहेर नवा विमा मिळणं कठीण आहे, त्यांनी रद्द करायची घाई करू नका. आधी फॉर्मवर तुमचा आजार खरा लिहिलाय का ते बघा. लिहिला असेल तर तोच विमा तुमच्या उपयोगाचा आहे.

पतसंस्थेचं कर्ज असलेल्यांसाठी: आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं येत नाहीत. तिथं विमा कंपनीचा अर्ज तसाच, आणि संस्थेची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं. ग्राहक आयोग सगळ्यांना खुला आहे. आपल्या जिल्ह्याचा आयोग कोल्हापुरातच आहे. मुदत दोन वर्षं, आणि व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण आयोगात केस चालू असेल तर विमा लोकपाल तीच तक्रार घेत नाही. म्हणून मी आधी लोकपाल सुचवते. तिथं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जायचं. निकाल पटला नाही तर आयोग आहेच.

आता कागलचे दादा. तुम्ही खाली लिहिलंय, सर्टिफिकेट या महिन्याच्या ५ तारखेला पोस्टानं घरी आलं. सर्टिफिकेटवर फ्री लूक म्हणून एक परिच्छेद असेल, तो शोधा. आताच्या नियमानं कागद हातात आल्यापासून पॉलिसी रद्द करायला ३० दिवस मिळतात. त्यात कारण सिद्ध करत बसावं लागत नाही, तेवढ्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी परत येतं. आज २४ तारीख. पाकीट टाकून दिलं नसेल तर त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. सोमवारी सकाळी दोन्ही अर्ज घेऊन निघा, आधी शाखा, मग पोस्ट. अर्जाचा मजकूर खाली वर्णनात टाकलाय, नाव आणि तारखा भरायच्या. आणि कर्जखात्याचा नंबर इथं कमेंटमध्ये लिहू नका, मागच्या वेळी लिहिला होता तो मी काढून टाकलाय. शिक्का मिळाला का, तेवढं कळवा.