मुळांना वास असतो

वेस्टर्न कॉर्न रूटवर्म नावाच्या भुंगेऱ्याची ही अळी पूर्ण वाढली तरी जेमतेम सव्वा सेंटीमीटरची. अंग दुधी, डोकं तपकिरी आणि शेपटाकडे तसाच तपकिरी डाग, त्यामुळे पटकन बघितलं तर दोन्हीकडे डोकंच वाटतं. मक्याची मुळं हे तिचं खाणं. अंड्यातून निघाली की मुळांनी श्वसनात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर ती मातीतून सरकू लागते. मुळांपाशी डिम्बोआ नावाचं रसायन असतं. मका ते बनवतो किडीला मारण्यासाठी. पण मातीत ते लोहाशी जोडलं जातं आणि ही अळी त्याच खुणेवरून पौष्टिक मुळं शोधते, वर ते लोहही पचवते.

मग मक्याच्या हातात उरतं काय?

हे काचेचं उपकरण नीट बघा. मधे एक भांडं, त्याला सहा नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला आणखी एक भांडं. सगळीकडे ओलसर वाळू. एका भांड्यात अळीनं कुरतडलेला मका, दुसऱ्यात धडधाकट मका, काहींत नुसती वाळू. मधल्या भांड्यात सूत्रकृमी सोडायचे. एक मिलिमीटरही लांब नसलेले हे जीव अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जीवाणू तिथे सोडतात. दोनेक दिवसांत अळी मरते, विटकरी लाल पडते. ही समोर दिसते ती तशीच.

एक दिवस थांबून नळ्या सुट्या करायच्या, प्रत्येकीतल्या वाळूतले सूत्रकृमी वेगळे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचा. किचकट काम, पण सगळा निकाल याच मोजणीत आहे. कुरतडलेल्या मुळांच्या बाजूला गर्दी, बाकीकडे तुरळक.

त्यांना बोलावणारा पदार्थ स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत 2005 मध्ये जाहीर केला: कॅरियोफिलीन. लवंगेत आणि मिरीत असतं तेच. मूळ कुरतडलं गेलं की मका ते सोडतो आणि ते वाळूतून झपाट्यानं पसरतं.

उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांची मुळं मात्र ते सोडतच नाहीत. वाण निवडताना कणसं पारखली, मुळं तपासायचं राहून गेलं. आजही नव्या वाणाच्या चाचणीत मुळांच्या या रसायनांना जागा मिळायला हवी, ती मिळत नाही.

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशाच एका वाणाला ओरेगॅनो या वनस्पतीचं कॅरियोफिलीन बनवणारं जनुक दिलं. सूत्रकृमी सोडलेल्या शेतात त्या झाडांखालून जनुक न दिलेल्या झाडांपेक्षा 60 टक्के कमी भुंगेरे बाहेर पडले.